लॅटिनो पुरुष जोडप्यांसाठी एचआयव्ही प्रतिबंध : एकत्र चाचणीपासून पाठपुराव्यापर्यंतचा क्रम

अमेरिकेतील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, शहरांच्या आरोग्य विभागांत किंवा फार्मसीत काम करणाऱ्या आणि एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीच्या) प्रशिक्षणासाठी अशा ठिकाणी रुजू होणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, मायामी किंवा न्यूयॉर्कमधील ज्या केंद्रांत ते बसतात, तेथे समोर येणाऱ्यांमध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या, पुरुषांची संख्या मोठी असते, आणि त्यांच्यापैकी अनेक जण जोडीदारासह येतात. अशा जोडप्यासमोर आपल्याकडून होणाऱ्या चुका बहुतेक वेळा वैद्यकीय ज्ञानाच्या नसतात, त्या क्रमाच्या असतात. आधी रक्त घेतले जाते आणि मग दुभाषी शोधला जातो. आधी निकाल सांगितला जातो आणि मग नात्यातील ठरावाबद्दल विचारले जाते. आधी प्रेपची (एचआयव्ही होऊ नये म्हणून संबंधाआधीपासून घ्यायच्या औषधाची) चिठ्ठी दिली जाते आणि मग विम्याचे कागद कोणाच्या घरी जाणार हे लक्षात येते. चाचणी अचूक असूनही त्यानंतर जोडपे पुन्हा फिरकत नाही, त्याचे कारण बहुधा या उलट्या क्रमात सापडते.

कामाला लागण्यापूर्वी एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. पक्क्या जोडीतला पुरुष सुरक्षित आणि एकटा पुरुष धोक्यात, असे अनेक समुपदेशक नकळत धरून चालतात. अमेरिकेतील पाच शहरांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधील सुमारे ६८ टक्के संसर्ग मुख्य जोडीदाराकडून झालेले होते. मुख्य जोडीदाराशी संबंध अधिक वेळा येतात, कंडोम वापरणे लवकर सुटते आणि चाचणी मागे पडते, हे त्यामागचे साधे कारण आहे. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो सुमारे १९ टक्के असले तरी २०२२ मधील नव्या संसर्गांपैकी जवळपास एक-तृतीयांश त्यांच्यात झाल्याचा अंदाज आहे आणि त्यांत पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष बहुसंख्य आहेत. म्हणून जोडपे आले की दोघांच्या दोन भेटी करण्याऐवजी एकच भेट नीट आखणे श्रेयस्कर.

पायरी १ : जोडपे येण्यापूर्वीची तयारी

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण येथे राहिलेली उणीव पुढे भरून काढता येत नाही.

पहिला प्रश्न भाषेचा आहे. नेहमीचे दृश्य असे असते की दोघांपैकी एकाला इंग्रजी बरे येते, तो हसून म्हणतो, ‘मी सांगतो त्याला’, आणि घाईत असलेला कर्मचारी ते मान्य करतो. असे कधीही करू नये. जो जोडीदार भाषांतर करतो तो प्रश्न गाळतो, उत्तर मऊ करतो आणि स्वतःला अडचणीचे वाटेल ते टाळतो. दुसऱ्याला त्याच्या नजरेखाली बोलावे लागते ते वेगळेच. संघीय निधी घेणाऱ्या आरोग्य संस्थांनी भाषेची अडचण असलेल्या रुग्णाला पात्र दुभाषी मोफत द्यावा, स्वतःचा दुभाषी आणण्याची सक्ती करू नये आणि सोबत आलेल्या नातेवाइकावर विसंबू नये, असा तेथील कायद्याचा दंडक आहे. दुभाषी फोनवरून किंवा व्हिडिओवरून मिळाला तरी चालतो. गाव लहान आणि समाज एकमेकांच्या ओळखीचा असेल, तर दूरच्या शहरातला फोनवरील दुभाषी समोर बसलेल्यापेक्षा बरा, कारण तो रविवारी त्याच चर्चमध्ये भेटणार नसतो.

दुभाषी स्पॅनिशचाच लागेल, असेही गृहीत धरू नये. ब्राझीलमधून आलेला माणूस पोर्तुगीज बोलतो. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या अनेकांची घरची भाषा माम किंवा किचे असते आणि ओआहाकाहून आलेल्यांची मिश्तेक किंवा सापोतेक. त्यांना स्पॅनिश कामापुरती येते, पण लैंगिक संबंधांबद्दल त्या भाषेत मोकळेपणाने बोलता येईलच असे नाही. म्हणून नोंदणीच्या फोनवरच ‘तुम्हाला कोणत्या भाषेत बोलायला सोपे जाते?’ हे विचारून ठेवावे. दोघांच्या भाषा वेगळ्या असतील, तर दोघांसाठी सोय करावी.

दुसरा प्रश्न कागदांचा आहे. दोघांचे दोन स्वतंत्र केसपेपर उघडावेत. एकाच्या केसपेपरवर दुसऱ्याचे नाव, त्याचा निकाल किंवा त्याच्या औषधाची नोंद करू नये. भेट एकत्र झाली तरी नोंद प्रत्येकाची स्वतःची राहते. त्यानंतर पत्रव्यवहाराचे विचारावे. अमेरिकेत २६ वर्षांपर्यंतचा मुलगा आई-वडिलांच्या विम्यावर राहू शकतो, आणि तपासणी झाली की विमा कंपनी खर्चाचे विवरणपत्र बहुधा पॉलिसीधारकाच्या पत्त्यावर पाठवते. मुलाच्या लैंगिकतेबद्दल घरात बोलणे झालेले नसेल, तर ती गोष्ट एका लिफाफ्यातून उघड होते. पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर किंवा वेगळ्या मार्गाने करावा, अशी विनंती विमा कंपनीला करण्याची सोय असते. ती रक्त घेण्यापूर्वी वापरावी, नंतर नव्हे.

तिसरा प्रश्न पैशांचा आणि स्थलांतराच्या भीतीचा. संघीय अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत फी उत्पन्नानुसार ठरते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी असलेला रायन व्हाइट कार्यक्रम विमा नसलेल्या आणि अपुरा विमा असलेल्या रुग्णांच्या उपचारांचा खर्च उचलतो. आपल्या केंद्रात कोणत्या कागदांवर काय मिळते, हे आदल्या दिवशी नोंदणी कर्मचाऱ्याकडून समजून घ्यावे, म्हणजे जोडप्यासमोर अंदाज बांधावे लागत नाहीत. ४ जानेवारी २०१० पासून एचआयव्ही असणे हे अमेरिकेत प्रवेश नाकारण्याचे कारण राहिलेले नाही. जुनी भीती मात्र अनेक कुटुंबांत अजून टिकून आहे, म्हणून एवढी वस्तुस्थिती जरूर सांगावी.

इशारा : यापुढे जाऊन ‘तुमच्या व्हिसाला काही होणार नाही’ किंवा ‘ग्रीन कार्डला अडचण नाही’ असे आश्वासन आपण देऊ नये. ते काम स्थलांतरविषयक वकिलाचे आहे आणि मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेचा पत्ता हाताशी असावा. गरज नसताना स्थलांतराची स्थिती विचारू नये आणि केसपेपरवर लिहूही नये. पोर्तो रिकोहून आलेला माणूस जन्मानेच अमेरिकी नागरिक असतो, त्याला कागदांबद्दल विचारणे हा अज्ञानातून झालेला अपमान ठरतो.

चौथी तयारी चाचणीच्या निवडीची. अँटिजेन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी (शरीराने त्याविरुद्ध बनवलेली प्रथिने) दोन्ही शोधणारी, बोटातून रक्त घेऊन करायची चाचणी साधारण २० मिनिटांत निकाल देते. एका मिनिटात निकाल देणारी चाचणीही बाजारात आहे आणि गर्दीच्या दिवशी तिचा मोह पडतो. जोडप्यासाठी मला वीस मिनिटांची चाचणीच योग्य वाटते, कारण पुढील संपूर्ण संभाषण त्या वीस मिनिटांत बसवायचे असते. झटपट चाचणीच वापरावी लागणार असेल, तर बोट टोचण्यापूर्वी ते संभाषण पूर्ण करावे.

तपासून पाहा : दुभाषी ठरला आहे का? दोन केसपेपर तयार आहेत का? पत्रव्यवहाराचा पत्ता दोघांनी स्वतंत्रपणे सांगितला आहे का? चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी डॉक्टर भेटू शकतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर भेटीची वेळ बदलावी.

पायरी २ : प्रत्येकाशी एकट्याने थोडा वेळ

एकत्र बसवण्यापूर्वी दोघांना काही मिनिटे वेगवेगळे भेटावे. हे प्रत्येक जोडप्याच्या बाबतीत आणि उंची-वजन घेण्याइतक्या सहजतेने करावे, म्हणजे कोणाला संशयाची जागा राहत नाही. या वेळेत विचारायचे प्रश्न थोडेच आहेत : आज येथे येण्याचा निर्णय तुमचा स्वतःचा आहे का, जोडीदाराने कधी मारहाण, धमकी किंवा संबंधांसाठी जबरदस्ती केली आहे का, आणि निकाल त्याच्यासमोर कळला तर तुम्हाला काही भीती वाटते का. एकाचा स्थलांतराचा अर्ज दुसऱ्यावर अवलंबून असेल, किंवा घराचा भाडेकरार एकाच्याच नावावर असेल, तर धमकी नुसत्या शब्दांतूनही दिली जाते, हे लक्षात ठेवून ऐकावे.

एका जरी उत्तरातून दबाव दिसला, तर एकत्र निकाल देऊ नये. ‘आज केंद्रात दोघांची चाचणी वेगवेगळीच करावी लागेल’ असे कामकाजाचे कारण सांगून दोघांना स्वतंत्र खोल्यांत घ्यावे आणि तक्रार कोणाकडून आली हे दुसऱ्याला कळू देऊ नये.

पायरी ३ : एकत्र बसण्याच्या अटी मान्य करून घेणे

महाराष्ट्रातील आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात) काम केलेल्या समुपदेशकाला प्रत्येकाला एकेकटे बोलावून निकाल देण्याची सवय असते. जोडप्याच्या एकत्र चाचणीत समुपदेशन, चाचणी आणि निकाल हे तिन्ही एकाच वेळी, एकाच खोलीत, दोघांसमोर होते. त्यामुळे संमतीही वेगळ्या प्रकारची लागते. दोघांनी स्पष्टपणे चार गोष्टी मान्य कराव्यात : निकाल एकत्र ऐकायचा, एकमेकांचा निकाल दुसऱ्याच्या परवानगीशिवाय कोणालाही, घरच्यांनाही, सांगायचा नाही, पुढचा निर्णय एकत्र घ्यायचा, आणि मागचा हिशोब येथे उघडायचा नाही.

चौथी अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा मोडते, बहुतेकदा समुपदेशकाकडूनच. एकट्या माणसाच्या समुपदेशनात गेल्या वर्षभरात किती जोडीदार होते, शेवटचा असुरक्षित संबंध कोणाशी आला, असे प्रश्न छापील अर्जावर असतात. जोडप्यासमोर तो अर्ज वाचून दाखवला, तर खोलीत भांडण सुरू होते किंवा दोघेही खोटे बोलतात. एकत्र भेटीत वर्तमान आणि भविष्य यांवरच बोलावे. वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक असलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्या पायरीतील खासगी वेळेत किंवा डॉक्टरांच्या स्वतंत्र तपासणीत घ्यावी.

दोघे एकमेकांचा उल्लेख कोणत्या शब्दाने करतात, ते ऐकून तोच शब्द वापरावा. पुरुषाबरोबर दहा वर्षे संसार करणारा माणूस स्वतःला गे म्हणवेलच असे नाही, आणि त्याच्यावर ते नाव लादण्याचे आपल्याला कारण नाही. स्पॅनिश येत असेल, तर वयाने मोठ्या माणसाशी पहिल्या भेटीत ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) असेच बोलावे.

पायरी ४ : रक्त घेणे आणि मधल्या वीस मिनिटांतील संभाषण

दोघांचे बोट लागोपाठ टोचावे, पट्ट्यांवर दोघांचे क्रमांक लगेच लिहावेत आणि पट्ट्या दोघांच्या नजरेआड ठेवाव्यात. समोर ठेवलेल्या पट्टीकडे पाहत कोणीही मन लावून बोलत नाही.

आता नात्यातील कराराबद्दल बोलायचे. निकालाआधी दोघेही एकाच बाजूला बसलेले असतात. निकालानंतर, विशेषतः तो वेगवेगळा आला तर, एक विचारणारा आणि दुसरा उत्तर देणारा होतो. त्यामुळे करार निकालाआधीच बोलून घ्यावा. प्रश्न मोकळा ठेवावा : ‘नात्याबाहेरच्या लैंगिक संबंधांबद्दल तुम्ही दोघांनी आपसांत काय ठरवले आहे?’ उत्तर बहुधा तीनपैकी एक असते. नाते बंद आहे; नाते काही नियमांसह खुले आहे; किंवा याबद्दल कधी बोलणेच झालेले नाही. तिसऱ्या प्रकारातील जोडपी आधी पहिले उत्तर देतात, म्हणून ‘हे तुम्ही शब्दांत बोलला आहात, की तुम्हाला तसे वाटते?’ असा एक उपप्रश्न विचारावा.

ऐकताना दोघांच्या उत्तरांतील फरक टिपावा. एक म्हणतो की बाहेर काहीच नाही, दुसरा म्हणतो की बाहेर गेलो तर कंडोम वापरायचा. म्हणजे दोघे दोन वेगळे करार पाळत आहेत. आपण कोणाचेच बरोबर ठरवू नये. ‘तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, आज त्यातली एक ठरवू या’ एवढे पुरते. खुल्या नात्याबद्दल समुपदेशकाचे वैयक्तिक मत काहीही असो, त्याची येथे जागा नाही. कपाळावरच्या आठीतूनही ते दिसते.

शारीरिक भूमिकेबद्दल स्पष्ट विचारावे, कारण गुदसंभोगात घेणाऱ्या जोडीदाराला असलेला संसर्गाचा धोका प्रवेश करणाऱ्या जोडीदारापेक्षा बराच जास्त असतो आणि प्रेपची निवडही त्यावर अवलंबून राहते. ‘आक्तीवो’ (प्रवेश करणारा), ‘पासीवो’ (घेणारा) आणि ‘वेर्सातिल’ (दोन्ही) हे शब्द लॅटिनो पुरुषांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. दुभाषी संकोचाने गोल शब्द वापरत असेल, तर त्याला थांबवून नेमका शब्द वापरायला सांगावे.

येथेच दारू, नशेचे पदार्थ आणि सुयांचा विषय घ्यावा. सुयांचा प्रश्न फक्त नशेपुरता विचारला जातो, ही एक ठरलेली चूक आहे. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या काही कुटुंबांत जीवनसत्त्वांची किंवा प्रतिजैविकांची इंजेक्शने घरीच, ओळखीच्या माणसाकडून घेण्याची पद्धत असते. ‘तुम्ही घरी कोणतेही इंजेक्शन घेता का, आणि सुई नवी असते का?’ असे विचारले तर ती माहिती मिळते. शिवाय स्वतःच्या मनाने घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे गुप्तरोगाची लक्षणे दबलेली असू शकतात.

पायरी ५ : निकाल सांगणे

निकाल साध्या वाक्यात, प्रस्तावना न करता, दोघांना एकाच वेळी सांगावा. दोघांचा सारखा असेल, तर ‘तुम्हा दोघांचा निकाल निगेटिव्ह आहे’ अशी सुरुवात करावी. वेगवेगळा असेल, तर ‘तुमचे निकाल वेगवेगळे आहेत’ हे आधी सांगून, क्षणभर थांबून, पॉझिटिव्ह कोणाचा हे सांगावे.

दोघेही निगेटिव्ह. येथे घाईने अभिनंदन केले जाते आणि विंडो पीरियड (संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा काळ) विसरला जातो. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत संसर्ग दिसायला १८ ते ९० दिवस लागू शकतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या तशाच चाचणीत १८ ते ४५ दिवस. आणि विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीत १० ते ३३ दिवस. लाळेवरच्या घरगुती किटसाठी ९० दिवस धरावेत. दोघांपैकी कोणाचाही या मुदतीत बाहेर संबंध आला असेल, तर आजचा निकाल अपुरा आहे. गेल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, घसादुखी झालेली असेल, तर प्रयोगशाळेतील जनुकीय चाचणीही करावी. जोडप्याने कंडोम सोडण्याचा निर्णय घेतला असेल, तर तो मुदत संपून दुसरी चाचणी निगेटिव्ह आल्यानंतरच अमलात आणावा.

एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. सर्वाधिक कसब येथे लागते, आणि पहिल्या अर्ध्या तासातील तीन कामे विसरू नयेत.

पहिले काम, ‘कोणी आणले?’ हा प्रश्न जागीच थांबवणे. संसर्ग केव्हा आणि कोणाकडून झाला, हे ही चाचणी सांगत नाही. तो या नात्याच्या आधीचाही असू शकतो. एवढे स्पष्ट सांगून तिसऱ्या पायरीत मान्य केलेल्या अटीची आठवण द्यावी.

दुसरे काम घड्याळाचे आहे. दोघांचा शेवटचा संबंध केव्हा आला, हे विचारावे. तो गेल्या ७२ तासांत आला असेल, तर निगेटिव्ह जोडीदाराला त्याच दिवशी पेप (संबंधानंतर लगेच घ्यायची प्रतिबंधक औषधे) सुरू करता येते, आणि २८ दिवसांचा हा कोर्स संपल्यावर मध्ये खंड न पाडता प्रेपवर जाता येते. पॉझिटिव्ह आलेल्याला धीर देण्यात सर्वांचे लक्ष गुंतल्यामुळे हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि ७२ तासांची मुदत टळते. ७२ तास उलटले असतील, तर निगेटिव्ह जोडीदाराची जनुकीय चाचणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने थेट प्रेपचा विचार करावा.

तिसरे काम, बोटातील रक्ताच्या चाचणीचा निकाल अंतिम नाही हे सांगून शिरेतील रक्त प्रयोगशाळेत पाठवणे आणि डॉक्टरांशी त्याच दिवशी गाठ घालून देणे. औषधे निदानाच्या दिवशीच किंवा लवकरात लवकर सुरू करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे.

दोघेही पॉझिटिव्ह. उपचारांची जोडणी करावी, पण प्रतिबंध संपला असे मानू नये. सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या दोघांच्याही व्हायला हव्यात.

तपासून पाहा : दोघे खोलीबाहेर पडण्यापूर्वी आज रात्री दोघे एकाच घरी जाणार आहेत का, आणि त्यात कोणाला धोका वाटतो का, हे प्रत्येकाला पुन्हा एकट्याने विचारावे.

पायरी ६ : प्रतिबंधाची आखणी

आखणी जोडप्याच्या कराराला धरून करावी. दोघांच्या हातात सारखेच माहितीपत्रक ठेवणे हे आखणी टाळण्याचेच एक रूप आहे.

पॉझिटिव्ह जोडीदार नियमित औषधे घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) प्रति मिलिलिटर २०० प्रतींच्या खाली टिकून असेल, तर लैंगिक संबंधांतून त्याच्याकडून एचआयव्ही जात नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या युरोपीय अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांच्या कंडोमविना ७६,०८८ संबंधांतून जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही. स्पॅनिशमध्ये हे ‘इंदेतेक्ताब्ले एस इग्वाल आ इंत्रान्स्मिसिब्ले’ (विषाणू मोजमापात न येणे म्हणजे तो न पसरणे) या घोषवाक्याने ओळखले जाते आणि अनेकांनी ते ऐकलेले असते. ऐकलेले नसते ते त्याच्या मागचे कलम : औषध सुरू केल्यावर त्या पातळीला पोचण्यास सहा महिन्यांपर्यंतचा काळ लागू शकतो आणि गोळ्या सुटल्या की हे संरक्षण जाते. मधल्या काळात निगेटिव्ह जोडीदाराने प्रेप घ्यावी किंवा दोघांनी कंडोम वापरावा.

प्रेपचे पर्याय दोघांसमोर मांडताना रोजच्या जगण्याचा विचार करावा. टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल-एम्ट्रिसिटाबिनची रोजची गोळी जेनेरिक स्वरूपात मिळते. घेणाऱ्या भूमिकेसाठी साधारण सात दिवसांच्या सलग डोसनंतर पूर्ण संरक्षण धरले जाते. काबोटेग्राविरचे इंजेक्शन सुरुवातीच्या दोन मासिक डोसांनंतर दर दोन महिन्यांनी घ्यावे लागते. लेनाकापाविरला जून २०२५ मध्ये अमेरिकेत प्रेप म्हणून मान्यता मिळाली असून त्याचे इंजेक्शन वर्षातून दोनदा असते. एका खोलीत चार कामगार राहत असतील, तर गोळ्यांची बाटली लपवणे हाच मोठा प्रश्न असतो आणि इंजेक्शन सोयीचे पडते. शिफ्टची नोकरी करणाऱ्याला रजा मिळत नसेल, तर तीन महिन्यांच्या गोळ्या बऱ्या.

प्रसंगानुरूप प्रेप, म्हणजे संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, त्या डोसनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक, ही पद्धत फक्त टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल असलेल्या गोळीसाठी तपासलेली आहे. अमेरिकेत ती औषधाच्या मान्यतापत्रावर नाही, पण सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) मार्गदर्शनात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी तिचा उल्लेख आहे. रोज एकत्र राहणाऱ्या आणि वारंवार संबंध येणाऱ्या जोडप्याला तिचा फारसा उपयोग नाही. जोडीदार महिन्यातून एकदा बाहेरगावच्या कामावरून घरी येत असेल, तर आहे.

इशारा : प्रेपपूर्वी एचआयव्ही चाचणी आवश्यक आहे; गोळ्यांसाठी मूत्रपिंडाचे कार्य आणि हिपॅटायटिस बी तपासावे. हिपॅटायटिस बी असलेल्याने टेनोफोविर अचानक थांबवले तर यकृताचा आजार उसळू शकतो, म्हणून त्याच्यासाठी प्रसंगानुरूप पद्धत योग्य नाही. जोडीदाराच्या बाटलीतून गोळ्या वाटून घेणे, हे एकाच घरात फार होते. दोघांचेही संरक्षण त्यामुळे अर्धवट राहते, हे न विचारताही सांगावे.

एचआयव्हीचे औषध किंवा प्रेप गुप्तरोगांपासून वाचवत नाही. तपासणीत लघवीच्या नमुन्याबरोबर घसा आणि गुदद्वार या दोन्ही ठिकाणचे नमुने घ्यावेत, कारण फक्त लघवी तपासली तर बरेच गोनोरिया आणि क्लॅमिडिया सुटतात. सिफिलिससाठी रक्त वेगळे लागते. गेल्या वर्षभरात यांपैकी एखादा आजार झालेल्यांना संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचे २०० मिलिग्रॅम देण्याबाबत सीडीसीने जून २०२४ मध्ये मार्गदर्शन दिले आहे. ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हिपॅटायटिस ए आणि बी, एचपीव्ही आणि एमपॉक्सच्या लसी त्याच भेटीत विचाराव्यात. कंडोम लॅटेक्सचा असेल, तर वंगण पाण्याचे किंवा सिलिकॉनचे हवे. तेल किंवा व्हॅसलीनने तो फाटतो.

पायरी ७ : करार मोडला तर काय, हे आधीच लिहून ठेवणे

बहुतेक जोडपी करार ठरवतात, पण तो मोडला तर काय करायचे हे ठरवत नाहीत. त्यामुळे मोडणारा गप्प बसतो, आणि तो गप्प असताना पेपची मुदत निघून जाते. आखणीत एक वाक्य दोघांच्या शब्दांत असावे : करार मोडला तर दुसऱ्याला ७२ तास उलटण्यापूर्वी, शक्यतो त्याच दिवशी, सांगायचे, आणि सांगितल्यावर पहिले काम भांडणाचे नसून क्लिनिकमध्ये जाण्याचे. जोडीदाराला सांगण्याचे धैर्य होत नसेल, तर निदान केंद्राला फोन करायचा आणि तोपर्यंत कंडोम वापरायचा, ही दुसरी वाटही मोकळी ठेवावी.

पेप कोठे मिळेल, हे दोघांच्या फोनमध्ये त्या दिवशीच नोंदवून द्यावे : कामाच्या वेळेत आपले केंद्र, रात्री आणि शनिवार-रविवारी जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. विमा नसलेला माणूस आपत्कालीन विभागाच्या बिलाला घाबरून सोमवारची वाट पाहतो. औषध कंपन्यांच्या साहाय्य योजनांचे अर्ज केंद्रात भरता येतात, हे त्याला आधी माहीत असेल, तर तो तसा थांबणार नाही.

पायरी ८ : पाठपुरावा

गोळ्यांच्या प्रेपवर असलेल्याची एचआयव्ही चाचणी दर तीन महिन्यांनी व्हावी आणि संबंधांनुसार गुप्तरोगांची तपासणीही त्याच वेळी करावी. जोडप्याला शक्य तेथे एकाच दिवशी बोलवावे, मात्र पुढच्या प्रत्येक भेटीतही दोघांना एकट्याने बोलण्याची संधी द्यावी. परिस्थिती आणि करार दोन्ही बदलतात. पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड निगेटिव्ह जोडीदाराला सांगायचा की नाही, हे दर वेळी त्यालाच विचारावे. पहिल्या दिवशीची संमती कायमची धरू नये.

आठवणीचा फोन किंवा संदेश पाठवताना केंद्राच्या नावात एचआयव्हीचा उल्लेख असेल, तर तो संदेशात येऊ देऊ नये. फोन कोण उचलते हे माहीत नसताना निरोप ठेवू नये.

डिसेंबर जवळ आला की प्रवासाचे विचारावे. अनेक जण नाताळासाठी मेक्सिको, कोलंबिया किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकात घरी जातात, मुक्काम ठरल्यापेक्षा लांबतो आणि गोळ्या संपतात. जाण्यापूर्वी पुरेशा गोळ्या आगाऊ मिळण्यासाठी विमा कंपनीची परवानगी लागते, ती मिळायला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबरच्या भेटीतच अर्ज करावा. काबोटेग्राविर घेणाऱ्याची तारीख प्रवासात येत असेल, तर इंजेक्शन चुकवण्याऐवजी मधल्या काळासाठी गोळ्यांची सोय करावी, कारण ते औषध शरीरातून हळूहळू, कधी कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ, कमी होत राहते, आणि त्या अपुऱ्या पातळीत संसर्ग झाला तर विषाणू औषधाला दाद न देणारा बनू शकतो. मूळ बाटलीवरील लेबल काढून गोळ्या साध्या डबीत नेण्याचा विचार घरच्यांच्या भीतीने केला जातो. अशा वेळी डॉक्टरांचे पत्र सोबत द्यावे आणि त्या पत्रात औषधाचे नाव लिहावे, ते कशासाठी दिले आहे हे लिहू नये.